सारा तंबूच्या दाराआड का हसली?



मागच्या पावसाळ्यातील एका रविवारी दुसऱ्या मिस्साला आमचा उपदेश मध्यावर आला होता. विषय श्रद्धेचा होता आणि आम्ही जरा जोर लावला होता. शब्द मनात उतरावेत म्हणून एका वाक्यानंतर आम्ही मुद्दाम थांबलो. चर्चमध्ये शांतता पसरली. त्या शांततेत पुढून तिसऱ्या बाकावरच्या एका आजींनी शेजारणीच्या कानात सांगितले, "आज लांबवतात वाटतं!"

आजींना ऐकू कमी येते. त्यामुळे त्या जिला कुजबुज समजतात, ती वर गायनमंडळापर्यंत पोहोचते. आधी गायनमंडळातील मुली हसल्या, मग वेदीसेवक हसले, मग बाकांवरून हसू मागे मागे गेले. आम्ही थोडा वेळ गंभीर राहण्याचा प्रयत्न केला. तो जमला नाही. उरलेला उपदेश चार वाक्यांत आटोपला. एकट्या आजी मात्र इकडेतिकडे पाहत होत्या. सगळे का हसताहेत हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

मिस्सानंतर बरेच जण हसतमुखाने भेटून गेले. पण एक ज्येष्ठ गृहस्थ ऑफिसात आले आणि शांतपणे म्हणाले, "फादर, वेदीसमोर हसणं बरं दिसत नाही. तुम्ही तरी हसायला नको होतं." त्यांच्या मनात राग नव्हता, काळजी होती. त्यांना उभ्या उभ्या काहीतरी सांगून वाटेला लावणे योग्य वाटले नाही. पत्रिकेत सविस्तर लिहू, असे आम्ही त्यांना सांगितले. ते राहून गेले असते. पण पुढच्याच महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी हाच प्रश्न घेऊन आल्या, आणि त्यांचा प्रश्न फार जड होता. त्यांच्याविषयी शेवटी लिहितो. आधी थोडा अभ्यास करू.

बायबलमध्ये सर्वांत आधी कोण हसले? उत्पत्तीच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय उघडून पाहा. अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा आहे. देव त्याला सांगतो, की साराला मुलगा होईल. अब्राहाम देवासमोर पालथा पडतो आणि हसतो. शंभरीच्या माणसाला मूल? नव्वदीच्या बाईला? बाहेरून दंडवत, आत हसू. श्रद्धावंतांचा पिता म्हणून ज्याचे नाव आपण मिस्सामध्ये घेतो, तो हाच अब्राहाम.

पुढच्या अध्यायात साराची पाळी येते. उन्हाच्या वेळी तीन पाहुणे दारात उभे राहतात. अब्राहाम धावत तंबूत जातो आणि साराला सांगतो, चटकन तीन मापे पीठ मळ, भाकरी कर. तीन पाहुण्यांना तीन मापे! आजच्या हिशेबाने ते पीठ साधारण वीस लिटरच्या डब्यात मावेल. न विचारता पाहुणे घेऊन येणारे आणि वर स्वयंपाकाचा अंदाज नसणारे यजमान आपल्या गावातही आहेत. त्यांच्या घरच्या भगिनींना साराची अवस्था लगेच समजेल.

पाहुणे झाडाखाली जेवतात. त्यांच्यातला एक म्हणतो, की पुढच्या वर्षी याच सुमारास साराला मुलगा झालेला असेल. सारा तंबूच्या दाराआडून ऐकते आणि मनातल्या मनात हसते. ते हसू आनंदाचे नाही. आयुष्यभर वाट पाहून जिने आशा घडी घालून ठेवून दिली आहे, तिचे ते हसू आहे. आपल्याकडच्या बायका "आता काय, जन्म गेला" असे म्हणून हसतात ना, तसे. पण पाहुण्याला ते ऐकू जाते. तो अब्राहामाला विचारतो, सारा का हसली? सारा घाबरते आणि म्हणते, मी हसले नाही. त्यावर तो एवढेच म्हणतो, की नाही, तू हसलीस.

आणि विषय तिथेच संपतो. शिक्षा नाही, शाप नाही, दिलेले वचन मागे घेणेही नाही. लूकच्या शुभवर्तमानात अशाच वचनावर शंका घेतल्याबद्दल बिचारा जखऱ्या मुका होतो. सारा हसूनही बोलती राहते. (जखऱ्या याजक होता. आम्हा याजकांकडून देवाची अपेक्षा जरा जास्त असावी, असे आम्ही आपले समजतो.)

मुलगा होतो. देवाने त्याचे नाव आधीच सांगून ठेवले होते: इसहाक. हिब्रू भाषेत हे नाव 'हसणे' या क्रियापदापासून झाले आहे आणि त्याचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. म्हणजे ज्या हसण्याबद्दल सारा खोटे बोलली, त्याच हसण्याचे नाव देवाने तिच्या मुलाला दिले. मग दिवसभर घरात, अंगणात, जेवायला बोलावताना, रागावताना ती हाक मारणार, "हसऱ्या, इकडे ये!" एकविसाव्या अध्यायात सारा स्वतःच सांगते, की देवाने मला हसवले आहे आणि हे जो ऐकेल तो माझ्याबरोबर हसेल. दाराआडचे हसू दाराबाहेर आले.

येथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली ती सांगतो. सामान्य काळातील सोळाव्या रविवारी, 'क' वर्षात, हेच मम्रे येथील पाहुण्यांचे वाचन असते. मागे २०२५ च्या जुलैत आपण ते ऐकले. पण ते वाचन दहाव्या ओवीच्या अर्ध्यावर संपते, आणि सारा बाराव्या ओवीत हसते. त्या रविवारच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया येशूचे आदरातिथ्य करतात. त्याच्याशी मेळ बसावा म्हणून वाचन पाहुणचारापाशी थांबवले आहे, हे समजण्यासारखे आहे. हसण्याचा भाग विषम वर्षी सामान्य काळाच्या बाराव्या आठवड्यात शनिवारी वाचला जातो. त्या सकाळी चर्चमध्ये जी वीस-पंचवीस माणसे असतात त्यांनाच सारा हसताना ऐकू येते.

असेच पेत्राचेही होते. २९ जूनला संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाला आपण प्रेषितांच्या कृत्यांमधून पेत्राच्या तुरुंगातील सुटकेचे वाचन ऐकतो. देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. वाचन अकराव्या ओवीत संपते. खरी मजा तेराव्या ओवीपासून पुढे आहे. पेत्र मार्कच्या आईच्या घरी जातो आणि दार ठोठावतो. आत सगळे प्रार्थनेसाठी जमलेले आहेत. रुदा नावाची कामवाली मुलगी दाराशी येते, पेत्राचा आवाज ओळखते आणि तिला इतका आनंद होतो, की दार न उघडताच ती आत धावत जाते. आतली मंडळी म्हणतात, तुला वेड लागले आहे. पेत्र बाहेर ठोठावतोच आहे. तुरुंगाचा दरवाजा उघडला आणि प्रार्थनेच्या घराचा उघडत नाही! एवढ्या महत्त्वाच्या ग्रंथात संत लूकने ही एवढीशी गंमत का ठेवली असेल? आम्हाला वाटते, ती तशीच घडली म्हणून. आनंदाने गोंधळून गेलेली मुलगी कोणी मनाने रचत नाही.

युतुख तर कोणत्याच रविवारी भेटत नाही. संत पौल त्रोवस येथे मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या युतुखला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो जिवंत निघाला म्हणून आज आपण हसू शकतो. पौल खाली जाऊन आला, भाकर मोडून खाल्ली आणि पुन्हा पहाटेपर्यंत बोलला. आमच्या तिसऱ्या बाकावरच्या आजी त्रोवसला असत्या तर बरे झाले असते.

आता थोडे तत्त्वज्ञान. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९० साली लिहिलेल्या ग्रंथात हसण्याचे विवेचन वाचले होते. ते वाचून वर्गात कोणी हसले नाही, पण मुद्दा आम्ही विसरलो नाही. कांटच्या मते आपण मन ताणून कशाची तरी वाट पाहत असतो आणि अचानक त्या अपेक्षेचे काहीच होत नाही. फुग्यातली हवा जावी तशी ती निघून जाते. त्यातून हसू येते. आमच्या उपदेशाचे तसेच झाले. आम्ही ताणून धरले होते, आजींनी सोडून दिले.

रोजच्या बहुतेक लहान हसण्यांना ही व्याख्या लागू पडते. घरभर चष्मा शोधावा आणि तो डोक्यावर सापडावा. लग्नाच्या फोटोसाठी तीस माणसांनी श्वास रोखून उभे राहावे आणि नेमकी वरमाईला शिंक यावी. पण सारापाशी कांट अपुरा पडतो. साराची अपेक्षा ताणलेली नव्हती, ती कधीच संपून गेली होती. तिच्या बाबतीत अपेक्षेचे 'काही नाही' झाले नाही. 'काही नाही'चेच मूल झाले. पहिल्या प्रकारात आपण धरलेले आपल्या हातून सुटते. दुसऱ्या प्रकारात आपण सोडून दिलेले आपल्या हातात येते. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: हसू येते त्या क्षणी आपण कारभारी नसतो. ठरवून हसता येत नाही. फोटोसाठी दात दाखवता येतात, ते वेगळे.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक आठवण द्यावीशी वाटते. पहिल्या पवित्र ख्रिस्तशरीराची तयारी चालू होती. आम्ही मुलांना विचारले, "काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस का केला?" आमच्या मनातले उत्तर होते, आपले गौरव प्रकट करण्यासाठी. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "त्याची आई सांगत होती म्हणून." सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो. रात्री जेवताना ते उत्तर पुन्हा आठवले आणि लक्षात आले, की मुलाने योहानचे शुभवर्तमान आमच्यापेक्षा नीट वाचले होते. माझी वेळ आली नाही असे येशू सांगतो, तरी आई नोकरांकडे वळते, आणि चमत्कार होतो. गौरव प्रकट झाले हे खरेच, पण आधी आईचे ऐकले गेले.

प्रभू येशू स्वतः हसला का? शुभवर्तमानात तो रडल्याची नोंद आहे, हसल्याची नाही. चौथ्या शतकात संत जॉन क्रिसोस्तोम यांनी याकडे लक्ष वेधले होते. पण डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधणारा माणूस, चिलट गाळून उंट गिळणारा माणूस ही चित्रे ऐकताना गालीलातील शेतकरी गंभीर चेहऱ्याने बसले असतील, असे आम्हाला वाटत नाही. आणि पुनरुत्थानानंतरची ती सकाळ घ्या. किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच पेत्र आधी अंगरखा घालतो आणि मग पाण्यात उडी मारतो. आपल्या कोळी बांधवांना आम्ही हा उतारा वाचून दाखवला, तेव्हा एक तांडेल म्हणाले, "फादर, पाण्यात उतरताना माणूस कपडे काढतो. हा घालतो!" आम्ही तो उतारा कितीतरी वेळा वाचला होता. आम्हाला ते कधी दिसले नव्हते. कारण आम्ही कधी जाळे ओढलेले नाही.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. सगळेच हसू सारखे नसते. सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्ववेत्ता थॉमस हॉब्ज म्हणतो, की दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ आहोत असे एकाएकी वाटले, की माणूस हसतो. आम्हाला हे सर्व हसण्याविषयी पटत नाही, पण असे हसू आहे. याईराच्या घरी मुलगी मेलेली नाही असे येशूने सांगताच जमलेले लोक हसले; ते हे हसू. येशूने त्यांना बाहेर काढले आणि मग मुलीचा हात धरला. बायबलमध्ये हसणारी माणसे घराबाहेर काढली गेली ती येथे, साराच्या तंबूत नव्हे.

असे हसू आम्हीही एकदा हसवले आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक गृहस्थ उपदेश चालू असताना उशिरा आत आले. आम्ही वेदीवरून त्यांच्याविषयी एक वाक्य बोललो. सगळे चर्च हसले आणि आम्हाला ते आवडले, हे कबूल केले पाहिजे. ते गृहस्थ पुढचे पाच रविवार आले नाहीत. सहाव्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. तिला आंघोळ घालून, भरवून ते मिस्साला यायचे. त्यांनी आम्हाला चहा दिला. क्षमा मागितली तेव्हा "जाऊ द्या हो फादर" म्हणाले. आईने मात्र विचारले, "त्या दिवशी काय सांगितलंत? हा सांगत नाही." आम्ही काय बोललो होतो ते तिच्यासमोर पुन्हा उच्चारता आले नाही. तेव्हापासून आम्हाला एक खूण सापडली आहे. ज्याच्यावरून हसलो त्याच्या आईसमोर तो विनोद पुन्हा सांगता आला पाहिजे. तिसऱ्या बाकावरच्या आजींची गोष्ट आम्ही छापण्यापूर्वी त्यांना घरी जाऊन, मोठ्याने, सांगितली. त्या म्हणाल्या, "मग? लांबवलंच होतंत."

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात विनोदाचीही चर्चा केली आहे. अश्लील, दुखावणारी, वेळ-काळ न पाहता केलेली थट्टा ते दोष मानतात. पण त्याच ठिकाणी ते असेही म्हणतात, की जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या हसण्यातही मोडता घालतो, त्याचेही चुकते. संत योहानाविषयीची एक जुनी कथाही ते सांगतात. योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जणांना ते खटकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातल्या धनुष्यवाल्याला विचारले, तू सतत बाण मारत राहू शकशील का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. आमच्या ज्येष्ठ मित्राचे अर्धे म्हणणे आम्हाला मान्य आहे: पवित्रीकरणाच्या वेळी शांतताच हवी, आणि उपदेशकाने हसे मिळवण्यासाठी वेदी वापरू नये. पण त्या रविवारी कोणी हसू आणले नव्हते, ते आले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी व्हॅटिकनमध्ये जगभरातील शंभरहून अधिक विनोदी कलाकारांना बोलावले होते. आपल्या प्रिय माणसांशी आपण थट्टामस्करी करतो तसे देवाशीही हसता येते, असे त्यांनी त्यांना सांगितले.

आता त्या भगिनींविषयी. हे पापनिवेदनात सांगितलेले नाही. त्या ऑफिसात येऊन बोलल्या आणि लिहायची परवानगीही त्यांनीच दिली. "पण नाव नको," म्हणाल्या, "सगळ्यांना तसंही कळेल."

त्यांचे पती जाऊन एकोणीस दिवस झाले होते. महिन्याची मिस्सा व्हायची होती. त्यांना बरीच वर्षे साखरेचा आजार होता आणि गोड त्यांनी सोडले होते. घरात कोणी केक आणला तरी ते हात जोडत. रोज संध्याकाळी रोझरी तेच सांगत, त्यांच्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकातून. त्या संध्याकाळी प्रथमच मावशींनी ते पुस्तक हातात घेतले. उघडले तर आत खुणेसाठी चॉकलेटचे कागद. लाल, हिरवे, सोनेरी. नखाने गुळगुळीत करून, नीट घडी घालून. लिताणीच्या पानावर एक, संत जोसेफच्या प्रार्थनेवर एक, नोव्हेनाला एक. एवढ्यात सात वर्षांचा नातू रडवेला होऊन म्हणाला, "मी आणायचो. आजोबा एक मला द्यायचे."

मावशी हसल्या. मोठ्याने हसल्या. सून स्वयंपाकघरातून धावत आली, तीही हसू लागली. भिंतीपलीकडे शेजारी ऐकू गेले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणाले, "अजून महिना झाला नाही आणि घरात हसू?" तेव्हापासून मावशींना झोप नव्हती. शेजारणीच्या बोलण्याने नव्हे, त्या म्हणाल्या. "फादर, मी हसले तेव्हा थोडा वेळ मला ते गेलेत हेच आठवलं नाही. मी त्यांना विसरले का?"

आम्ही उत्तर जुळवू लागलो. १५३५ साली वधस्तंभाच्या डगमगत्या पायऱ्या चढताना, वर जायला मदत करा, खाली येण्याचे मी माझे पाहीन, अशा अर्थाची थट्टा करणारे संत थॉमस मूर आठवले. सारा आठवली. पण मावशींसमोर त्यातले काहीच सांगावेसे वाटेना. त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढून टेबलावर ठेवले होते. आम्ही फक्त विचारले, "मावशी, त्यांना विसरला असता, तर त्या कागदांवर हसू आलं असतं का?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर फेकून दिले असते." आणि पुस्तक उघडून त्यांनी आम्हाला एक पान दाखवले. सद्मरणासाठी प्रार्थना.

"या पानावर दोन आहेत, फादर," त्या म्हणाल्या. "इथं एकावर भागलं नसेल."

आम्ही दोघेही हसलो. ऑफिसचे दार उघडे होते आणि बाहेर दाखल्यासाठी थांबलेली माणसे आत डोकावली. मावशींनी कागद होते तिथेच ठेवून पुस्तक मिटले आणि पिशवीत घातले.